हाडांचे प्रश्न : करंगळीच्या मुळाशी मोडलेले हाड

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगात आला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक फ्रॅक्चरचे रुग्ण वाढतात, आणि त्यांतले निम्मेअधिक मैदानावरचे खेळाडू नसतात, प्रेक्षक असतात. संघ हरल्याचा राग त्यांनी भिंतीवर, दुकानाच्या शटरवर किंवा मोटारसायकलच्या टाकीवर काढलेला असतो. या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांतही हाताच्या फ्रॅक्चरविषयीची पत्रे जास्त असल्याने हा अंक त्यांनाच दिला आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात शाहू स्टेडियमवरून सामना हरून आल्यावर त्याने रागाच्या भरात लोखंडी कपाटावर मूठ मारली. हात सुजला आणि करंगळीच्या मुळाशी मुठीचा जो उंचवटा असतो तो दिसेनासा झाला. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असे निदान केले. हाड ३५ अंशांनी वाकले आहे, तरीही ऑपरेशनची गरज नाही, असे सांगून त्यांनी फक्त स्लॅब (एका बाजूचे अर्धे प्लास्टर) बांधला आहे. माझे दीर म्हणतात की प्लेट घातल्याशिवाय हाड सरळ होणार नाही. मुलाने तर आयुष्यात कधी बॉक्सिंग केलेले नाही. आम्ही काय करावे? (एक आई, शिवाजी पेठ)

आपल्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो. दिरांची शंकाही स्वाभाविक आहे, कारण वाकलेले हाड वाकलेलेच ठेवायचे ही गोष्ट कुणाच्याही मनाला सहजासहजी पटत नाही. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हाताच्या पंजात मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४ अशी एकूण २७ हाडे असतात. तळहातातील पाच लांब हाडांना मेटाकार्पल म्हणतात. अंगठ्यापासून मोजत गेल्यास करंगळीचे हाड पाचवे येते. या हाडाच्या बोटाकडील टोकाला गोल डोके असते आणि डोक्याच्या लगेच मागे निमुळती मान असते. मूठ आवळून एखाद्या कठीण वस्तूवर आपटली की सगळा आघात त्या डोक्यावर येतो, हाड मानेशी मोडते आणि डोके तळहाताच्या दिशेने झुकते. उंचवटा नाहीसा होतो तो यामुळेच. शिवाय तळहातातील बारीक स्नायू ते डोके खाली ओढत राहतात, त्यामुळे हाड बसवून सरळ केले तरी पुन्हा झुकण्याकडे त्याचा कल असतो.

नावाबद्दल म्हणाल, तर ते बॉक्सरांवर अन्याय करणारे आहे. कसलेला बॉक्सर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी सरळ रेषेत ठोसा मारतो. ही दोन हाडे मनगटाशी घट्ट बांधलेली असल्याने ती तो भार पेलतात. नवख्या माणसाचा हात बाहेरून वळसा घेऊन येतो आणि करंगळीच्या बाजूने आदळतो. मूठ मारायला न शिकलेल्याचे हे फ्रॅक्चर आहे, म्हणूनच ते आपल्या मुलाला झाले.

आता ३५ अंशांचा मुद्दा. आपल्या हाताची मूठ सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत करंगळीच्या मुळाचा उंचवटा धरून वर-खाली हलवून पाहा. तो बऱ्यापैकी हलेल. तर्जनीचा उंचवटा तसाच हलवायला गेलात तर तो जागचा हलणार नाही. करंगळीच्या मेटाकार्पलला मनगटापाशी २० ते ३० अंशांची हालचाल असते आणि मोडलेल्या जागी आलेला बाक त्या हालचालीत बराचसा सामावून जातो. म्हणून तर्जनीच्या हाडाला १० ते १५ अंशांहून जास्त बाक आम्ही खपवून घेत नाही, अनामिकेला ३० ते ४० पर्यंत चालतो आणि करंगळीला ४० ते ५०. काही शल्यचिकित्सक तर त्याहूनही पुढे जातात. शिवाय न मोडलेल्या हाडालाही मानेपाशी सुमारे १५ अंशांचा नैसर्गिक बाक असतोच, हे एक्स-रेवरचा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.

मात्र आकड्याच्या काळजीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे पीळ. मोडलेले टोक स्वतःभोवती थोडे जरी फिरले, तरी एक्स-रेमध्ये ते नीट दिसत नाही आणि डोळ्यांना मात्र दिसते. स्लॅब बदलताना डॉक्टरांच्या देखत मुलाला बोटे अर्धवट मिटायला सांगा. निरोगी हाताची चारही बोटे मिटताना अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळच्या एका जागेकडे झुकतात. करंगळी अनामिकेवर चढत असेल, तिच्याखाली जात असेल किंवा तिचे नख दुसऱ्या हाताच्या नखापेक्षा वेगळ्या दिशेला वळलेले दिसत असेल, तर हाडात पीळ आहे. मेटाकार्पलमधला ५ अंशांचा पीळ बोटाच्या टोकाशी दीड सेंटिमीटरपर्यंत ओव्हरलॅप करू शकतो आणि पुढे मूठ वळताना तो दर वेळी आडवा येतो. बाक कालांतराने अंगवळणी पडतो, पीळ पडत नाही. पीळ असल्यास हाड बसवावे लागते आणि ते जागेवर राहत नसेल तर तारेने म्हणजे के-वायरने धरावे लागते.

ऑपरेशन कुणाला लागते, तर पीळ असलेल्यांना, फार मोठा बाक असून बसवल्यावरही न टिकणाऱ्यांना, हाड कातडीबाहेर आलेल्यांना, एकाच वेळी दोन-तीन मेटाकार्पल मोडलेल्यांना आणि सांध्याचा पृष्ठभागच फुटलेल्यांना. त्यातही मानेच्या फ्रॅक्चरला प्लेट हा माझ्या मते शेवटचा पर्याय असावा. प्लेट बसवण्यासाठी हाताच्या पाठीवरची कातडी उघडावी लागते, बोट सरळ करणारा स्नायुबंध बाजूला करावा लागतो आणि तो पुढे प्लेटला चिकटला तर हाड सरळ आणि बोट ताठ अशी अवस्था येते. एक्स-रे सुंदर आणि हात निकामी, हा सौदा मला तरी मान्य नाही.

स्लॅब कसा असावा हेही पाहून घ्या. मनगट किंचित मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंशांत वाकलेले आणि पुढची पेरे सरळ, अशी ती स्थिती असते. मुळाचा सांधा वाकलेला असताना त्याचे बंध ताणलेले राहतात, त्यामुळे ते आखडत नाहीत. हाड बसवण्यासाठी जास या शल्यचिकित्सकांनी १९३८ मध्ये सांगितलेली युक्ती आजही वापरली जाते: मूळ सांधा आणि मधले पेर दोन्ही काटकोनात वाकवून बोटाच्या आधाराने डोके वर ढकलायचे. पण त्या काटकोनी स्थितीतच प्लास्टर घालून ठेवले, तर मधले पेर कायमचे धरते आणि कातडीला जखम होते. हाड बसवण्याची स्थिती वेगळी आणि बांधून ठेवण्याची वेगळी.

साधारण आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढावा, कारण हाड सरकायचे असेल तर बहुधा पहिल्या काही दिवसांतच सरकते. स्लॅब तीन ते चार आठवडे पुरतो. कमी बाक असलेल्या रुग्णांत करंगळी अनामिकेला चिकटपट्टीने जोडून लगेच हालचाल सुरू केली तरी चालते. करंगळीचा उंचवटा मात्र पूर्वीसारखा वर येणार नाही. क्वचित बॅट किंवा खोरे घट्ट धरताना तळहातात त्या डोक्याचा गोटा टोचल्यासारखा वाटतो. मुलाला हे आताच सांगून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी आरशासमोर हात धरून तो डॉक्टरांना बोल लावणार नाही.

यात्रेत बाचाबाची झाली आणि माझ्या भावाने एकाच्या तोंडावर ठोसा मारला. मधल्या बोटाच्या उंचवट्यावर अर्ध्या सेंटिमीटरची जखम आहे. घरी हळद लावली. आज तिसरा दिवस, हात लाल होऊन ठणकतो आहे आणि बोट सरळ करताना तो ओरडतो. एक्स-रे काढायला हवा का? (कागल तालुका)

हे पत्र वाचताच संपादकीय कार्यालयातून पत्रलेखकांना फोन करून भावाला त्याच दिवशी रुग्णालयात नेण्यास सांगितले होते. मासिकाच्या उत्तराची वाट पाहण्याजोगी ही दुखापत नव्हती. इतरांसाठी कारण लिहितो.

ठोशानंतर उंचवट्यावर झालेली जखम समोरच्याच्या दाताची आहे, असेच समजून चालावे. मूठ आवळलेली असते तेव्हा कातडी, स्नायुबंध आणि सांध्याचे आवरण एका रेषेत ताणलेले असतात आणि दात त्या तिन्हींतून आरपार सांध्यात जाऊ शकतो. मूठ उघडली की हे थर आपापल्या जागी मागे सरकतात, वरचे छिद्र आणि आतले छिद्र एकमेकांसमोर राहत नाही आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. बाहेरून पाहिल्यास जखम खरचटल्यासारखी दिसते. माणसाच्या तोंडात इकेनेला नावाचा एक जंतू असतो, जो नेहमीच्या काही प्रतिजैविकांना दाद देत नाही. त्यामुळे घरात उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. सांधा उघडून धुणे, योग्य प्रतिजैविक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हा त्यावरचा उपचार आहे. अशी जखम टाके घालून बंद करायची नसते. एक्स-रे काढावाच, कारण हाडाबरोबर कधी दाताचा तुकडाही आत सापडतो.

पोलिसांच्या भीतीने किंवा लाजेने लोक दाराच्या कडीने लागले असे सांगतात. डॉक्टरांपुढे तरी खरे सांगावे. सांध्यात पू झाला तर बोट वाचवताना सुद्धा दमछाक होते.

आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या निखळलेली आणि मोडलेली बोटे तेल लावून, ओढून, कामट्या बांधून बरी केली जातात. आजवर कुणाचा हात गेलेला नाही. मग प्रत्येक वेळी एक्स-रेचा खर्च मल्लांनी का करावा? (एक वस्ताद, कोल्हापूर)

वस्ताद, आपला अनुभव मी नाकारत नाही. शाहू महाराजांच्या काळापासून या शहराने कुस्ती जोपासली, त्यात तालमीतल्या जाणत्या हातांचा वाटा आहेच. परंतु त्या अनुभवाचा अर्थ लावताना एक गोष्ट विचारात घ्यावी. करंगळीच्या मेटाकार्पलसारखे हाड काहीही न करता सोडून दिले, तरी बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांत सांधते. त्या काळात त्यावर तेल लावले असेल तर यश तेलाच्या नावावर जमा होते. जे बिघडले ते मल्ल बोट वाकडे घेऊन गावी परततात आणि तालमीच्या हिशेबात येत नाहीत.

माझी हरकत तीन गोष्टींना आहे. निखळलेला सांधा आणि सांध्यालगत मोडलेले हाड बाहेरून सारखेच दिसते. पहिल्याला ओढणे उपकारक ठरू शकते, दुसऱ्याला ओढल्यास तुकडे सरकतात. ताज्या फ्रॅक्चरला चोळल्याने सूज आणि रक्तस्राव वाढतो. आणि कामट्यांची घट्ट बांधणी ही सर्वांत धोक्याची, कारण सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते आणि बांधणी मात्र तेवढीच राहते. बोटे पांढरी, निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, किंवा बोट दुसऱ्याने हळूच सरळ केले तरी जीव जाईल इतके दुखले, तर बांधलेले सर्व तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. हे आमच्या प्लास्टरलाही तितकेच लागू आहे.

तालमीत करण्यासारखे पुष्कळ आहे. दुखापत होताच अंगठी, कडे, मनगटातला गंडा काढावा, कारण तासाभराने ते कापावे लागतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे धरावा, हात छातीच्या वर ठेवावा, दुखरे बोट शेजारच्या बोटाला सैलसर बांधावे. एक्स-रे सरकारी रुग्णालयातही निघतो. तो काढताना समोरून, तिरका आणि आडवा अशा तीन बाजूंनी काढायला सांगावा. करंगळी आणि अनामिकेच्या मेटाकार्पलचे बूड मनगटापासून निखळलेले असेल, तर ते एकाच समोरच्या फोटोत सहज हुकते.

मोटारसायकलवरून पडून अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडले. डॉक्टर वायर घालायला सांगतात. माझ्या मित्राचे करंगळीचे हाड नुसत्या प्लास्टरने बरे झाले. माझे का होऊ नये? (यंत्रमाग कामगार, इचलकरंजी)

मित्राच्या फ्रॅक्चरची सवलत आपल्याला नाही. आपल्या वर्णनावरून हे बेनेट फ्रॅक्चर असावे. डब्लिनचे शल्यचिकित्सक बेनेट यांनी १८८२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात हाडाच्या बुडाचा छोटा तुकडा जागेवर राहतो आणि अंगठ्यासह उरलेले अख्खे हाड एक बळकट स्नायुबंध मनगटाकडे ओढून नेतो. भेग थेट सांध्यात गेलेली असते. प्लास्टरमध्ये ती ओढ थांबत नाही, आणि सांधा खडबडीत राहिला तर चिमटीचा जोर जातो. मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्याला चिमूट गमावून चालणार नाही. डॉक्टरांचे ऐका आणि फार दिवस लावू नका.

हाड लवकर जुळावे म्हणून रोज पायाचा सूप आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध सुरू केले आहे. आणखी काय खावे? (राजारामपुरी)

पायाचा सूप चवीला उत्तम आहे आणि थंडीत मीही पितो, पण त्यात कॅल्शियम फारसे उतरत नाही. दूध चांगलेच. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि एक मोठा पेला दूध त्यातले सुमारे ३०० देते. धारोष्ण दुधातून ब्रुसेलासारखे जंतू जाऊ शकतात, तेव्हा कट्ट्यावरची मजा मान्य करूनही दूध घरी आणून उकळून घ्यावे, असेच मी सांगेन. नाचणीची भाकरी, डाळी, अंडी आणि थोडे ऊन यांपलीकडे वेगळे काही लागत नाही. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट मात्र हाड जुळणे खरोखर लांबवतात. सूप वाढवण्यापेक्षा तेवढी पुडी कमी करावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी.

शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करतो. मोल्डिंग बॉक्स घसरून हाताच्या पाठीवर आला आणि करंगळीचे मेटाकार्पल मधोमध मोडले. चार आठवड्यांनी प्लास्टर काढले, पण बोटे मिटत नाहीत आणि एक्स-रेमध्ये भेग अजून दिसते. हाड जुळले नाही का? कामावर कधी जाऊ? (वय ३८)

भेग दिसते म्हणून घाबरू नका. हाताच्या हाडांत नवे हाड आधी धरते आणि एक्स-रेवर ते उमटायला आणखी कित्येक आठवडे लागतात. मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखत नसेल आणि हात हलवताना तिथे हालचाल जाणवत नसेल, तर हाड धरले असे आम्ही मानतो. तपासताना आपल्या डॉक्टरांना नेमके हेच विचारा.

आपल्यापुढचा खरा प्रश्न ताठरलेल्या बोटांचा आहे. चेंगरून झालेल्या दुखापतीत हाडाबरोबर कातडी, स्नायू आणि स्नायुबंधही दुखावलेले असतात, म्हणून नुसत्या ठोशाच्या फ्रॅक्चरपेक्षा आखडणे जास्त आणि सुधारणा सावकाश. आठवडाभर दुखेल म्हणून हात गळ्यात अडकवून ठेवलात, तर पुढे एक महिना जास्त लागेल. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवा आणि त्यातच चार हालचाली क्रमाने करा: बोटे पूर्ण सरळ, मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त पेरे आकड्यासारखी वाकवणे, पेरे सरळ ठेवून फक्त मुळाचे सांधे वाकवणे, आणि शेवटी पूर्ण मूठ. प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. व्यायामानंतर थोडे दुखणे चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जोर कमी करा. दुसऱ्याकडून बोटे जबरदस्तीने मोडून घेऊ नका.

सहाव्या आठवड्यापासून पकडीचा जोर वाढवायला लागा. त्यासाठी बाजारातला चेंडू लागत नाही. घरी भाकरीचे पीठ मळायला घ्या. त्यात तळहात, बोटे आणि मनगट तिन्हींना काम मिळते. माझ्या एका रुग्णाने लाजत सुरुवात केली आणि आता त्याच्या घरी रविवारच्या भाकरी तोच करतो.

हलके काम, म्हणजे मोजमाप, नोंदी, तपासणी, आपण सहा आठवड्यांनी करू शकाल. जड कास्टिंग उचलणे, घण आणि ग्राइंडर यांना आठ ते बारा आठवडे लागतील, आणि त्याआधी दुसऱ्या हाताच्या तुलनेत पकड किती आली हे डॉक्टरांकडून मोजून घ्या. मोटारसायकल चालवण्याची घाई करू नका. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबून काही मिनिटे न दुखता धरता आला, तरच रस्त्यावर उतरा. आपण ईएसआयचे विमाधारक असाल आणि अपघाताची नोंद कामावरची दुखापत म्हणून झाली असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंद राहून गेली असेल तर ती आजच कार्यालयात जाऊन करून घ्या.

दोन आठवडे नेटाने व्यायाम करूनही बोटे जागची हलत नसतील, किंवा हात चकचकीत होऊन घामेजू लागला आणि दुखापतीच्या मानाने फार जास्त आग होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. हाड जुळल्यानंतरही बोट आतून सरळ होत नसेल, मात्र दुसऱ्या हाताने सहज सरळ करता येत असेल, तर स्नायुबंध हाडाला चिकटलेला असू शकतो. तो सोडवण्याचे लहान ऑपरेशन आहे, पण बहुधा तीन-चार महिन्यांच्या व्यायामानंतरच त्याचा विचार होतो.